हातपाय धुण्यापुरता वेळ

शवपेटीच्या काचेवर मनांग फेलींनी उजवा हात ठेवला आणि डोळे मिटले. आत पांढऱ्या सॅटिनवर एक म्हातारा तंबाखू-शेतकरी कोट घालून झोपला होता. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. पेटी बैठकीच्या खोलीत होती, तिच्या पायथ्याशी जिवंत कोंबडीची पिल्लं टोपलीत चिवचिवत होती आणि अंगणात ताडपत्रीखाली माणसं पत्ते खेळत होती. दुपारचे तीन वाजले होते. त्या दिवसातलं मयताचं ते आमचं तिसरं घर.

मी नेहमीप्रमाणे कडेची खुर्ची पकडली आणि पिशवीतलं पुस्तक काढलं. मयताच्या घरात पुस्तक वाचणं बरं दिसत नाही, हे मला कळत होतं. पण पुस्तक नसलं की लोक बोलायला येतात, आणि अनोळखी माणसाशी बोलणं मला जमत नाही. त्या दिवशी पुस्तक असूनही एक जण आलाच. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, वय पस्तिशीचं, कॉफीचे दोन कप हातात.

"तुम्ही भारतीय. कॉलेजच्या ग्रंथालयातले," तो म्हणाला आणि एक कप मला दिला.

"हो."

"मनांग फेलींबरोबर नेहमी दिसता."

"त्या बोलावतात. मी त्यांच्याच घरी राहतो, मागच्या खोलीत."

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरातली. फिलिपीन्सच्या उत्तरेला, तंबाखू आणि लसूण पिकवणाऱ्या एका प्रांतात मी दोन वर्षांसाठी गेलो होतो. मी कोकणातल्या कृषी महाविद्यालयातला ग्रंथपाल. तिथल्या शेतकी कॉलेजची पुस्तकं लावून द्यायची, एवढंच काम. मनांग म्हणजे थोरली बहीण. फेलिसितास तबियोस या बाईंना सगळा प्रांतच मनांग फेली म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. पंधरा वर्षं त्या सुईण होत्या. मग गावच्या कौन्सिलात निवडून आल्या, मग प्रांताच्या मंडळावर, आणि आता जानेवारीत गव्हर्नरच्या जागेसाठी उभ्या होत्या. ती खुर्ची सत्तावीस वर्षं एकाच घरात होती. तीन आठवड्यांपूर्वी त्या घराकडून, निदान सगळे तसं म्हणत होते, मनांग फेलींच्या दारात मयताला वाहतात तसलं मोठं पुष्पचक्र येऊन पडलं होतं. फितीवर त्यांचंच नाव होतं. त्यांनी फुलं काढून चर्चमध्ये पाठवली आणि चक्राच्या बांबूच्या तिकाटण्यावर कारल्याचा वेल चढवला. मतदानापर्यंत त्या जिवंत राहतात की नाही, यावर बाजारात उघड बोललं जायचं.

"गाडीत गप्पा काय मारता?" त्या माणसानं विचारलं.

"पुस्तकांच्या. त्यांना वाचायला वेळ नसतो, म्हणून मी कादंबऱ्यांच्या गोष्टी सांगतो. एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत एक प्रकरण."

तो मनापासून हसला. मग म्हणाला, "आमच्या चालीरीती विचित्र वाटत असतील. इथून निघालात की सरळ घरी जायचं नाही, ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होतं. मयताच्या घरून निघालं की मध्ये कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं, चार माणसांत बसायचं. म्हणजे मृताचा आत्मा मागे आला असेल तर तिथेच सुटतो, घरापर्यंत येत नाही. त्याला पगपग म्हणतात, झटकून टाकणं.

"आमच्याकडे बरोब्बर उलटं," मी म्हणालो. एखाद्या विषयावर मला खरोखर काही माहीत असलं की माझी भीड चेपते. "मयताहून आलं की वाटेत कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. सरळ घरी यायचं, आंघोळ करायची आणि मगच कशाला शिवायचं."

"मग तुमची पंचाईत होत असेल."

"होते ना. मनांग नाक्यावरच्या एम्पनाडाच्या दुकानात थांबतात, आमच्या करंज्यांसारख्याच असतात त्या. निळ्या दारांचं, तेच. त्या आणि ड्रायव्हर आत जाऊन बसतात. मला तसंच बसवत नाही. मी आधी मागच्या पंपावर जातो, हातपाय धुतो, चूळ भरतो. आंघोळीच्या जागी तेवढं तरी."

"दर वेळी?"

"दर वेळी. साबणसुद्धा बरोबर ठेवतो." मी खिशातली साबणाची डबी काढून त्याला दाखवली.

त्यानं ती हातात घेतली, उघडून वास घेतला, पुन्हा बंद करून परत दिली. "चांगली सवय आहे, सर," तो म्हणाला. "माणसानं आपल्या रीती सोडू नयेत." माझ्या खांद्यावर हात ठेवून तो उठला आणि पत्त्यांच्या टेबलाकडे गेला. इतक्या आपुलकीनं माझं कुणी ऐकून घेतलं, की मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

गाडी तेओ चालवायचा. चाळिशीचा, गोल पोटाचा, मनांगच्या हाताखालीच लहानाचा मोठा झालेला. मनांग मागे बसायच्या आणि मला शेजारी बसायला सांगायच्या, नेहमी रस्त्याकडच्या बाजूला.

"सर, आज भूत तुमच्याच मागे लागणार," तेओ आरशातून बघत म्हणाला. "तीन घरं झाली. तुमचा साबण पुरायचा नाही."

"तू झटकतोस, मी धुतो. बघू कुणाचं भूत आधी जातं."

"तेओ, पुढे बघ," मनांग म्हणाल्या. "भुताला मत नसतं."

"त्या म्हाताऱ्याच्या घरात सात मतं आहेत, मनांग."

"सात नाही, नऊ. त्यातली पाच मी स्वतःच्या हातांनी बाहेर काढली. उलटं धरून पाठीत चापट मारली होती. अजून तक्रार करतात." त्या हसल्या, मग माझ्याकडे वळल्या. "सांगा सर, ती बाई नवऱ्याला सोडून गेली की नाही शेवटी?"

मी आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं प्रकरण पुढे सांगू लागलो. नाका आला तेव्हा बाई अजून स्टेशनावरच उभी होती.

"थांबा," मनांग म्हणाल्या. "हात धुऊन या, मग सांगा. तिला तिथंच उभी ठेवा."

ते दोघं निळ्या दारातून आत गेले. मी वळसा घालून मागे गेलो. मागे एक हातपंप, त्याच्या पलीकडे कमरेएवढी विटांची भिंत आणि भिंतीपलीकडे गल्ली. चपला काढल्या, विजार वर दुमडली, पंप मारला. हाताला साबण लावत होतो तेव्हा गल्लीत एक जीप येऊन थांबली. पुढच्या सीटवर मघाचा तो सभ्य माणूस होता. त्यानं मला पाहिलं आणि हात वर केला. मीही साबणाचा हात वर केला.

मग आवाज झाले. पत्र्यावर नारळ पडावेत तसे, लागोपाठ, आठ की दहा. दुकानातून एक खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी तेलाची कढई उलटी केली असावी, कारण मोठ्ठा चर्र आवाज होऊन धूर आला. मी हलू शकलो नाही. पंपातून पाणी पडत होतं, ते हळूहळू बारीक होत थांबलं, तेवढा वेळ मी दुकानाकडे तोंड करून तसाच उभा होतो. पाय ओले, हाताला फेस. धावायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं.

आत तेओ टेबलावर आडवा पडला होता आणि टेबलाखाली मनांग होत्या. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी त्याला उताणं केलं. डाव्या खांद्यातून त्यांच्या रक्त वाहत होतं. त्यांनी दोन बोटं तेओच्या गळ्याशी दाबून धरली. बाळाची नाडी बघायची त्यांची तीच पद्धत.

"गेला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, शांतपणे, "सर, दार लावून घ्या."

मी दार लावलं. कडीला साबण लागला.

इस्पितळात पोलीस आले. मनांगनी सांगितलं, की आपण मान खाली घालून खात होतो, काही दिसलं नाही. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, की मी मागे हातपाय धूत होतो. पोलिसानं ते लिहून घेताना सहकाऱ्याकडे बघून ओठ मुडपले. मला त्या जीपची आठवण त्या वेळी झाली नाही. झाली नाही म्हणजे, ती गोष्ट आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात एकमेकींजवळ आल्याच नाहीत. एका ओळखीच्या सभ्य माणसानं हात केला होता आणि नंतर गोळ्या सुटल्या होत्या. हे आज कुणाला खरं वाटणार नाही. मलाही सगळे दिवस खरं वाटतं असं नाही.

तेओची बायको लेओनोरा बाजारात सुकी मासळी विकायची. इस्पितळाच्या व्हरांड्यात ती माझ्याजवळ येऊन बसली. रडून झालं होतं.

"सर, तुम्ही मागे होतात," ती म्हणाली. "मागच्या गल्लीतूनच ते पळाले म्हणतात. तुम्ही शिकलेले. काही दिसलं असेल, आठवलं, तर सांगाल ना?"

"सांगेन," मी म्हणालो.

"इथले कुणी सांगणार नाहीत. तुम्ही इथले नाही."

"सांगेन, लेओनोरा. शब्द देतो."

त्यानंतर बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मनांगनी मला चर्चला चलायला सांगितलं. एका बाळाचा बाप्तिस्मा होता आणि त्या धर्ममाता होणार होत्या. त्यांचा डावा हात अजून झोळीत होता. मला नवल वाटलं नाही. तिथल्या राजकारणी बायकांना अशी शंभर बाळं असतात. मागच्या बाकावर बसून वाचण्यासाठी मी पुस्तक घेतलं होतं, पण त्यांनी मला पुढे, दगडी कुंडापाशी बोलावलं.

"माझ्या एका हातानं होणार नाही," त्या म्हणाल्या. "बाळाच्या पाठीखाली तुम्ही हात धरा."

मी हात धरला. बाळ पांढऱ्या लांब झग्यात होतं, कोमट आणि अगदी हलकं. पलीकडे आई उभी होती, हातात मेणबत्ती घेऊन. तिच्यामागून बाप पुढे आला. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट.

"सर," मनांग म्हणाल्या, "हे सेव्हेरिनो. गव्हर्नरांचे पुतणे. आजपासून माझे कुंपारे."

"आम्ही भेटलोय," सेव्हेरिनो म्हणाला. त्यानं मान लववली. "हातपाय धुऊन आलात ना, सर?"

त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. मला वाटतं, तो खरोखर चौकशी करत होता.

त्या क्षणी मला सगळं एकदम दिसलं. कॉफीचे दोन कप. दर वेळी? दर वेळी. साबणाची डबी उघडून घेतलेला वास. भिंतीपलीकडे वर झालेला हात, आणि माझा. मी हात वर केला होता. तो विचारत होता आणि मी कळवलं होतं, की मी इथे आहे, मी आत नाही, आता चालेल. पाद्री लॅटिनसारखं काहीतरी पुटपुटत होता. हात काढला असता तर बाळ पडलं असतं. पाद्रीनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, ते ओघळून माझ्या मनगटावरून बाहीत गेलं, आणि बाळ रडायला लागलं. सगळे हसले. मनांगसुद्धा.

बाहेर आल्यावर गाडीत बसलो. नवा ड्रायव्हर कुठेतरी सिगारेट ओढायला गेला होता. काचा वर होत्या.

"मनांग, त्या माणसानं तेओला मारलं."

"त्यानं नाही मारलं. मारणारे दोघं इलागानहून आणले होते. तो फक्त जीपमध्ये बसला होता."

"तुम्हाला माहीत आहे?"

"इस्पितळात दुसऱ्याच दिवशी कळलं. मी सुईण आहे, सर. प्रांतातल्या प्रत्येक घरातली एक तरी बाई मला सांगते."

"आणि तुम्ही त्याच्या मुलाला…"

"मीच निरोप पाठवला. बाळाला धर्ममाता मिळाली का, विचारलं. सेव्हेरिनोच्या आईला नाही म्हणता आलं नाही. त्याच्या वेळचं तिचं बाळंतपण मीच केलं होतं, पायाळू होता तो." त्यांनी झोळीतला हात जरा वर उचलून धरला. दुखत असावा. "आता तो माझा कुंपारे आहे. तुमच्याकडे व्याही असतात तसं समजा, पण त्याहून घट्ट. मुलाच्या धर्ममातेवर बंदूक उचलली तर त्याची स्वतःची आई त्याला दारात उभी करणार नाही. काकालाही हात आखडावा लागेल. मी जानेवारीपर्यंत जगेन. माझे भाऊही गप्प राहतील, कारण आता त्यांनी त्याला मारणं म्हणजे माझ्या नातलगाला मारणं."

"आणि तेओ?"

"तेओची मुलं माझी आहेत. तिघंही शिकतील."

"लेओनोराला सांगितलंत?"

त्यांनी झोळीची गाठ सारखी केली. मग म्हणाल्या, "मंगळवारी सरकारी वकील तुम्हाला बोलावणार आहे. फोटो दाखवेल. तुम्ही सेव्हेरिनोला ओळखू नका."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच त्याला सांगितलं होतं. दुकान कुठलं, ते. मी पंपावर असतो, ते."

"माहीत आहे," मनांग फेली म्हणाल्या.

"मग मला शेजारी कशाला बसवून घेता अजून?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. सेव्हेरिनो पायऱ्यांवर उभा राहून फोटो काढून घेत होता. "पुष्पचक्र आलं त्या दिवसापासून मी तुम्हाला बरोबर घेते आहे, सर. त्याच्या आधी घेत होते का, आठवा. शेजारी परदेशी माणूस असला की कुणी गोळी घालत नाही. परदेशी मेला तर मनिलाहून लोक येतात, वकिलाती विचारतात. त्यांना ते परवडत नाही. म्हणून तुम्हाला रस्त्याच्या बाजूला बसवत होते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "गोष्टी मात्र मला आवडायच्या. ते खरं आहे."

माझ्या मांडीवर पुस्तक होतं, त्याच्या कव्हरवर बाप्तिस्म्याच्या पाण्याचा डाग पडला होता आणि मी तो रुमालानं पुसत बसलो. एवढंच माझ्याच्यानं झालं.

पुढचं सांगून टाकतो. मनांग फेली निवडून आल्या, सलग तीनदा. त्या दहा वर्षांत त्या दोन घराण्यांत एकही गोळी सुटली नाही. तेओची थोरली मुलगी डॉक्टर झाली. हे सगळं मला पत्रांतून कळत गेलं आणि दर पत्रागणिक मी स्वतःला म्हणालो, की बाईंचं बरोबर होतं. बरोबर असेलही. पण त्या मंगळवारी मला यातलं काही माहीत नव्हतं.

मंगळवारी मी ठरवून गेलो होतो. दोन रात्री झोपलो नव्हतो आणि मला ठाऊक होतं, की आयुष्यात एकदा तरी मी दिलेला शब्द पाळणार आहे. सरकारी वकील म्हणजे एक पिकल्या केसांचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. टेबलावर त्यांनी पाच फोटो ओळीनं मांडले. चौथा सेव्हेरिनोचा होता, कुठल्याशा लग्नातला.

"पंपापाशी असताना यातलं कुणी दिसलं, सर?"

मी चौथ्या फोटोवर बोट ठेवलं.

त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती अंतर होतं?"

"पंधरा पावलं. वीस असतील."

"पंधरा की वीस?"

"मोजली नाहीत."

"तोंडावर साबण होता?"

"हाताला होता. तोंडाला… चूळ भरली होती. तोंडावर पाणी असेल."

"चष्मा घातला होता तुम्ही?"

धुताना मी चष्मा काढतो. त्या दिवशी काढला होता की नाही? मला त्याचा कडक शर्ट दिसला होता. हात दिसला होता. चेहरा दिसला होता, की शर्टावरून मी चेहरा जोडला होता?

"घाई नाही, सर," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहात. एका माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. शंभर टक्के खात्री असेल तरच सांगा. नक्की?"

मला आयुष्यात कुणी दोनदा "नक्की?" विचारलं, की माझा पाय घसरतो. स्वतःच्या नावाबद्दल विचारलं तरी घसरेल. मी पाचही फोटो पुन्हा बघितले. त्यांनी बघू दिलं. पंख्याच्या वाऱ्यानं तिसरा फोटो हलला, तो त्यांनी बोटानं सरळ केला.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी खण उघडला आणि एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. सदर साक्षीदारास कोणीही ओळखता आले नाही. तारीखसुद्धा टाइप केलेली होती, सोमवारची. मी बराच वेळ त्या तारखेकडे बघत राहिलो. ती चूक त्यांच्या लक्षात आणून द्यावी, असं मला वाटलं. मग मी सही केली.

बाहेर व्हरांड्यात लेओनोरा उभी होती. मासळीची टोपली तिनं भिंतीशी ठेवली होती, तिन्ही मुलं बाकावर ओळीनं बसली होती. मला बघून ती पुढे आली.

"सांगितलंत, सर?"

"हो," मी म्हणालो.

तिनं मुलांना हाक मारली. ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. थोरलीनं माझा उजवा हात धरला, खाली वाकून कपाळाला लावला. तिथं वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. मग मधल्यानं लावला, मग धाकटीनं. शेवटी लेओनोरानं लावला आणि तसाच धरून ठेवला. तिच्या कपाळाला घाम होता.

मी हात काढून घेतला नाही.